एली व्हिटने

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टबरो नावाचे गाव आहे. तेथे ८ डिसेंबर १७६५ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी एली व्हिटने याचा जन्म झाला. बापाच्या शेतावर हत्यारे दुरुस्त करण्याचे एक लहानसे दालन होते. शेतीपेक्षा एलीचे मन तेथेच अधिक रमे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात देशात खिळ्यांची टंचाई पडली, तेव्हा या कोवळ्या वयाच्या मुलाने खिळे घडवून विकण्यास आरंभ केला. पुढे शाळेत शिकवून त्याने पैसा जोडला व वयाच्या तेविसाव्या वर्षी येल येथील महाविद्यालयात प्रवेश मिळविला. १७९२ साली तो पदवीधर झाला.

त्याच वर्षी शिक्षकाची नोकरी धरण्यासाठी तो दक्षिणेस निघाला. ती नोकरी त्याने पत्करली नाही. परंतु वाटेत कॅथरिन ग्रीन या विधवा बाईंशी त्याचा परिचय झाला होता. जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराजवळ त्यांचा मोठा मळा होता. त्यांच्या आग्रहावरून व्हिटने तेथेच राहिला.

त्या भागातील मळेवाले मोठ्या विवंचनेत होते. समुद्रकाठी पिकणाऱ्या लांब धाग्याच्या कापसाची सरकी सहज सुटे. परंतु तो कापूस आतल्या प्रदेशात पिकत नसे. तेथे आखूड धाग्याचा कापूस येई. त्याची हिरवट सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. दिवसभर राबूनही एका माणसाच्या हातून जेमतेम एक पौंड रुई साफ होई. इकडे इंग्लंडमधील गिरण्या तर कापसासाठी वखवखलेल्या होत्या.

व्हिटनेने ही अडचण ध्यानी घेतली आणि १७९३ साली एक यंत्र तयार केले. लाकडी रुळावर त्याने तारेचे दाते बसविले. रूळ फिरू लागला की दाते कापूस पकडून अरुंद फटींतून ओढून घेत. फटींतून सरकी जाऊ शकत नसे. ती मागेच गळून पडे. दात्यांना चिकटलेली रुई दुसरा फिरता कुंचला झाडून काढी. या यंत्राने दिवसाकाठी पन्नास पौंड रुई निघू लागली.

१४ मार्च १७९४ रोजी त्याला या शोधाचे हक्कपत्र मिळाले. परंतु यंत्राची रचना सोपी असल्यामुळे जागोजागी त्याच्या नकला झाल्या. व्हिटनेची अनेक वर्षे कज्जेखटल्यांत गेली आणि मिळालेला बराचसा पैसा त्यांतच खर्ची पडला.

यंत्रामुळे कष्ट वाचतील, मग गुलामांची गरज उरणार नाही, असे कोणालाही वाटले असते. घडले मात्र उलटेच. यंत्र केवळ सरकी काढी. नांगरणी, पेरणी, खुरपणी आणि वेचणी ही कामे माणसांच्या हातांनीच करावी लागत. कापसात नफा दिसताच मळेवाल्यांनी पश्चिमेकडे नव्या जमिनी लागवडीस आणल्या. त्यासाठी त्यांना अधिकाधिक गुलाम हवे झाले. १८०८ सालापासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली, तेव्हा व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतील गुलामांना विकत घेऊन अलाबामा व मिसिसिपीकडे नेण्याचा व्यापार वाढला. आईपासून मूल आणि पतीपासून पत्नी कायमची दुरावली. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ती संख्या सुमारे ४० लाखांवर गेली. त्या वेळी देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. दक्षिणेचे वैभव या बंदिवान माणसांच्या घामावर उभे होते.

व्हिटने पुढे उत्तरेस परतला. १७९८ साली त्याने सरकारला दहा हजार बंदुका करून देण्याचा करार केला. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा, अशा पद्धतीने माल तयार करण्याचा त्याने पुरस्कार केला. ८ जानेवारी १८२५ रोजी न्यू हेवन येथे त्याचे निधन झाले.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ साली उत्तर व दक्षिण यांत युद्ध पेटले. अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळून अनेक व्यापारी धुळीस मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली.

व्हिटनेची बुद्धी व चिकाटी खरोखरच असामान्य होती. परंतु ज्या समाजात माणसाची खरेदी-विक्री चाले, त्या समाजाच्या हाती त्याचे यंत्र पडले. म्हणून जे यंत्र श्रम हलके करण्यासाठी जन्मले, त्यानेच लक्षावधी माणसांच्या बेड्या अधिक घट्ट केल्या. यंत्राला न्याय-अन्याय कळत नाही. तो विचार ते वापरणाऱ्या माणसांनीच करावयाचा असतो.