संत इग्नेशियस लोयोला : तलवार ठेवली, पाटी उचलली

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक म्हणून हे नाव आपल्या धर्मग्रामांतील सर्वांना परिचित आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळा-महाविद्यालयांत झाले आहे. आध्यात्मिक साधनेसाठी आपण चार दिवस घर सोडून जातो, तेथेही पुष्कळदा याच संताने आखून दिलेल्या वाटेने आपल्याला नेले जाते. पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर त्यांना लागलेला तोफगोळा सर्वांना आठवतो. परंतु त्यानंतर तेहतिसाव्या वर्षी हा लढवय्या लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून लॅटिन व्याकरण गिरवू लागला, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. आज आम्ही ती थोडी विस्ताराने सांगू इच्छितो.

दरबारी तरुण

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात अझ्पेतिया गावाजवळ लोयोला घराण्याची गढी आहे. तेथे १४९१ साली इग्नेशियस यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. मोठ्या कुटुंबातील हे शेंडेफळ. किशोरवयातच त्यांना आरेवालो येथे राजाच्या खजिनदाराच्या वाड्यावर पाठविण्यात आले. तेथे ते दरबारी रीतिरिवाज, सुंदर हस्ताक्षर आणि शस्त्रविद्या शिकले. जुगार, द्वंद्वयुद्धे आणि स्त्रियांवर छाप पाडणे यांतही ते मागे नव्हते. पुढे १५१७ साली ते नाव्हारा प्रांताच्या राजप्रतिनिधीच्या सेवेत रुजू झाले. कीर्ती मिळवावी, लोकांनी आपल्याकडे वळून पाहावे, एवढेच त्यांचे ध्येय होते.

२० मे १५२१ रोजी फ्रेंच सैन्याने पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. सैन्यबळ पाहता शरण जाणे शहाणपणाचे होते आणि बहुतेकांचे मतही तसेच होते. इनिगो यांनी मात्र लढण्याचा आग्रह धरला. तोफगोळ्याने त्यांचा एक पाय मोडला व दुसरा जखमी केला. ते कोसळताच किल्लाही पडला. फ्रेंच सैनिकांनी त्यांच्याशी सौजन्याने वागून त्यांना घरी पोचते केले.

पाय नीट बसला नव्हता म्हणून घरी तो पुन्हा मोडून बसविण्यात आला. तरी गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. त्यावर घट्ट, दिमाखदार बूट चढला नसता. केवळ तेवढ्यासाठी त्यांनी ते हाड कापून काढायला लावले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात या वेदना त्यांनी मुठी आवळून सोसल्या. एवढे करूनही पाय आखूड राहिला आणि ते जन्मभर लंगडत चालले. सैनिकी जीवनाची वाट बंद झाली. वय अवघे तीस.

अंथरुणावरील शोध

दिवस जाता जाईनात, म्हणून त्यांनी शूरवीरांच्या अद्भुत कथा वाचायला मागितल्या. घरात तशी पुस्तके नव्हती. मिळाली ती दोनच : एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरे संतचरित्रांचे पुस्तक. नाइलाजाने ते वाचू लागले. हळूहळू त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पराक्रमाची आणि दरबारी प्रेमाची स्वप्ने रंगविताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांप्रमाणे आपणही काही करावे असा विचार केला, की तो संपल्यावरही मनात शांती दरवळत राही. या साध्या निरीक्षणातून पुढे आत्मपरीक्षणाची आणि ईश्वराची इच्छा ओळखण्याची त्यांची सारी पद्धत घडली.

मार्च १५२२ मध्ये ते मोन्सेरातच्या मठात गेले. आपली उंची वस्त्रे त्यांनी एका भिकाऱ्याला दिली, पवित्र मरियेच्या वेदीसमोर रात्रभर जागरण केले आणि तलवार व खंजीर तेथेच ठेवले. जवळच्या मान्रेसा गावी ते सुमारे अकरा महिने राहिले. तेथे त्यांनी कडक उपवास केले, केस व नखे वाढविली, तासन्‌तास प्रार्थना केली. जुन्या पापांच्या शंका-कुशंकांनी त्यांना इतके ग्रासले की जीव द्यावा असा मोह त्यांना झाला. त्यातून परमेश्वराच्या कृपेने ते बाहेर आले. याच अनुभवाच्या टिपणांतून त्यांचा आध्यात्मिक साधनेचा ग्रंथ आकाराला आला.

आता आपल्याला जीवनाचे ध्येय सापडले, असे त्यांना वाटले. पवित्र भूमीत राहून लोकांची सेवा करायची. १५२३ साली ते यरुशलेमला पोचलेही. परंतु तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहण्याची परवानगी दिली नाही. एक वाट तोफगोळ्याने बंद केली होती, दुसरी ख्रिस्तसभेच्या आज्ञेने बंद झाली. परतीच्या प्रवासात त्यांनी ठरविले, की लोकांच्या आत्म्यांना साहाय्य करायचे तर आधी शिकले पाहिजे.

तेहतिसाव्या वर्षी विद्यार्थी

१५२४ साली बार्सिलोना येथे जेरोनिमो आर्देवोल या शिक्षकाकडे ते लॅटिनचे मुळारंभाचे धडे घेऊ लागले. वर्गात सारी मुलेच होती. क्रियापदे पाठ करायला बसले, की प्रार्थनेचे गोड विचार मनात गर्दी करीत आणि धडा राहून जाई. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा असे विचार येत नसत, मग ते अभ्यासाच्याच वेळी का यावेत? हा भुलवण्याचा प्रकार आहे हे त्यांनी ओळखले. त्यांनी शिक्षकांना आपली अडचण सांगितली, दोन वर्षे एकही तास न चुकविण्याचे वचन दिले आणि आपण आळस केला तर इतर मुलांप्रमाणेच आपल्यालाही शिक्षा करावी, अशी विनंती केली.

आम्हांला हा प्रसंग पाम्प्लोनापेक्षा मोठा वाटतो. तोफेसमोर उभे राहण्यात निदान लोकांचे कौतुक तरी होते. या बाकावर तेही नव्हते.

त्यानंतरची वाटही सोपी नव्हती. अल्काला आणि सालामान्का येथे शिकत असताना ते लोकांना धर्मशिक्षण देत. ईशज्ञानाचा अभ्यास न केलेला हा माणूस काय शिकवितो, असा संशय येऊन त्यांची चौकशी झाली. अल्काला येथे ते बेचाळीस दिवस आणि सालामान्का येथे बावीस दिवस कैदेत होते. शिकवणुकीत चूक सापडली नाही, तरीही अभ्यास पूर्ण होईपर्यंत काही विषयांवर बोलण्यास त्यांना मनाई झाली. पुस्तके एका गाढवावर लादून ते पायी निघाले आणि फेब्रुवारी १५२८ मध्ये पॅरिसला पोचले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांनी तेथे लॅटिनचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

जवळचे पैसे त्यांनी एका देशबंधूकडे ठेवायला दिले होते, ते त्याने उधळून टाकले. इग्नेशियस यांना धर्मशाळेत राहून भीक मागावी लागली. पुढे तोच माणूस रूआँ येथे आजारी पडल्याचे कळताच ते अनवाणी चालत त्याच्या मदतीला गेले.

एका खोलीतील सोबती

१५२९ साली सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांना खोली मिळाली. तेथे दोन तरुण आधीपासून राहत होते. त्यांतील पीटर फेबर हे सव्हॉयच्या डोंगराळ भागातील शेतकरी कुटुंबातले. अभ्यासात कच्च्या असलेल्या या प्रौढ विद्यार्थ्याला ॲरिस्टॉटल समजावून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. असे हे नाते होते : फेबर तत्त्वज्ञान शिकवीत आणि इग्नेशियस त्यांच्या मनाला धीर देत. फेबर यांना पापशंकांचा त्रास होता. हा रोग इग्नेशियस यांनी मान्रेसा येथे स्वतः भोगलेला असल्यामुळे त्यांना औषध ठाऊक होते. तरीही त्यांनी घाई केली नाही. फेबर यांना संपूर्ण आध्यात्मिक साधना देण्यापूर्वी त्यांनी सुमारे चार वर्षे वाट पाहिली.

दुसरे सोबती फ्रान्सिस झेवियर. नाव्हारातील उमराव घराण्याचा हा बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी तरुण. १५२१ च्या संघर्षात त्यांचे भाऊ इग्नेशियस यांच्या विरुद्ध बाजूने लढले होते. या लंगड्या, गरीब सोबत्याविषयी झेवियर यांना प्रारंभी फारसे प्रेम नव्हते. इग्नेशियस यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. झेवियर शिकवू लागले तेव्हा त्यांच्या वर्गासाठी विद्यार्थी मिळवून दिले, अडीनडीला पैशांची मदत केली. काळाच्या ओघात झेवियर यांचे मन वळले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवरील छोट्या मंदिरात सात मित्रांनी व्रते घेतली. त्यांत फेबर हे एकटेच धर्मगुरू होते. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

रोममधील वडीलधारे

१५४१ साली सोबत्यांनी इग्नेशियस यांना संघाचे प्रमुख निवडले. पद स्वीकारल्यावर त्यांनी सुमारे दीड महिना रोममधील चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले. त्यांची इटालियन भाषा मोडकीतोडकी होती आणि त्या चुका दाखविणारा त्यांच्याच घरातील रिबादेनेइरा नावाचा एक खोडकर किशोर होता. इतर धर्मबंधू या मुलाला कंटाळले होते. इग्नेशियस यांनी त्याला सांभाळून घेतले. पुढे त्यानेच आपल्या या गुरूचे चरित्र लिहिले.

मान्रेसा येथील उपवासांनी इग्नेशियस यांची प्रकृती कायमची बिघडली होती. म्हणूनच तरुण शिष्यांना अतिरेकी तपश्चर्या करण्यापासून ते आवरीत. विद्यार्थ्याने पोटभर जेवावे, पुरेसे झोपावे, अभ्यास हीच त्या काळातील त्याची उपासना समजावी, असा त्यांचा आग्रह असे.

शाळा चालविणे हा येशूसंघाचा मूळ हेतू नव्हता. सिसिलीतील मेसिना शहराच्या विनंतीवरून १५४८ साली तेथे विद्यालय सुरू झाले. १५५१ साली रोममध्ये एका भाड्याच्या घरात विनामूल्य विद्यालय उघडले. आजचे ग्रेगोरियन विद्यापीठ ही त्याचीच परंपरा होय. इग्नेशियस यांनी लिहिलेली सुमारे सात हजार पत्रे उपलब्ध आहेत. ३१ जुलै १५५६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा संघात सुमारे एक हजार सदस्य होते आणि तीसहून अधिक विद्यालये चालू होती. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस आणि झेवियर या दोघांनाही एकाच दिवशी संतपद बहाल करण्यात आले.

आपल्या किनाऱ्यावर

त्या खोलीतील एक सोबती ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला. संत झेवियर वसईलाही येऊन गेले. गुरू-शिष्यांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून झेवियर त्या जवळ बाळगीत. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी त्यांना परत बोलाविणारे पत्र लिहिले. त्यापूर्वी सहा महिने, ३ डिसेंबर १५५२ रोजी, झेवियर चीनच्या दारात निवर्तले होते. ती वार्ता रोमला अद्याप पोचली नव्हती.

गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी लहानपणी येशूसंघीयांकडेच धडे गिरवले. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत.

आपल्या धर्मग्रामांत सैन्यातून, पोलीस खात्यातून, कारखान्यांतून निवृत्त झालेले अनेक बांधव आहेत. गणवेश उतरला की आपला उपयोग संपला, असे त्यांतील काहींना वाटते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. अशा बांधवांनी या संताकडे पाहावे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक हवे आहेत. दहावीत अडखळलेल्या शेजारच्या मुलाला गणित समजावणारा कुणीतरी हवा आहे. आधी आपल्यालाच थोडे शिकावे लागेल, मुले आपल्या चुकांना हसतीलही. इग्नेशियस यांनाही ते चुकले नाही.

या संताच्या मध्यस्थीने परमेश्वर आपणा सर्वांना कोणत्याही वयात पुन्हा बाकावर बसण्याची नम्रता देवो.