उघड्या दाराचे घर

इ. स. 1906 साली विस्तीर्ण अशा खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली. पश्चिम भागाचा कारभार धुळ्याहून चालू लागला आणि पूर्व भागाचे मुख्य ठिकाण होण्याचा मान जळगावास मिळाला. कापसाच्या व्यापाराने आणि आगगाडीच्या रहदारीने गजबजलेल्या या गावी पुढच्याच वर्षी, म्हणजे 1907 साली, महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. वनस्पतिशास्त्रात नावाजलेले डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्ष होते. नामांकित कवी, विद्वान आणि रसिक यांनी सभा फुलून गेली होती.

त्या सभेत धरणगावाकडचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. वडील पोलीस खात्यात नोकरीला, घरची स्थिती बेताची, शिक्षण अर्धवट. परंतु त्याच्या मुखातून शब्द बाहेर पडू लागले आणि सभा चकित झाली. एवढ्याशा मुलाची ही वाणी ऐकून अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. त्याच नावाने महाराष्ट्र त्याला आजही ओळखतो.

त्या दिवशी टाळ्या पुष्कळांनी वाजविल्या. टाळी वाजविण्यास फारसे काही लागत नाही. पण हा मुलगा उद्या कोठे राहील, काय शिकेल, त्याच्या जेवणाखाण्याची सोय काय, असा विचार करणारा माणूस विरळा. तसा एक माणूस मराठी कवींच्या त्या मेळाव्यात होता. त्याचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते. आई जानकीबाई मायाळू होती. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि त्यानंतर हा मुलगा घर सोडून नाशिकास आला. जवळ पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही. नाशिकात त्याला परक्यांनी अन्न दिले, आणि गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाने संस्कृत शिकविले. उपाशी आणि निराधार असणे म्हणजे काय, हे टिळक पुस्तकात वाचून शिकले नव्हते. पुढे त्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येक अनाथ मुलात त्यांना नाशिकच्या रस्त्यावर हिंडणारा तो नारायण दिसत असला पाहिजे.

1880 साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक. संसार सुरू झाला, पण टिळकांचे पाऊल एका गावी ठरेना. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे संपादक, असे त्यांचे जीवन चालले होते. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, अंतःकरण कोवळे. हाती पैसा मात्र टिकत नसे. घरात शिधा संपलेला असताना सामान आणावयास गेलेले टिळक बाजारातून एक सुंदर दौत घेऊन परत आले, अशी हकीकत आहे. दौतीकडे पाहून कवीला किती आनंद झाला असेल ते असो. चुलीपुढे बसलेल्या लक्ष्मीबाईंना काय वाटले असेल, याचाही विचार केला पाहिजे. टिळकांच्या उदारपणाची किंमत पुष्कळदा त्यांच्या पत्नीने मोजली आहे.

1893 साली टिळक आगगाडीने नागपूरकडून राजनांदगावास निघाले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. दोघांचे काव्यावर आणि धर्मावर बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती 'नव्या करारा'ची एक प्रत ठेवली. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना कळले नाही. परंतु ग्रंथ वाचण्याचे वचन दिलेले असल्यामुळे त्यांनी तो वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू देऊ नये, ही शिकवण त्यांच्या मनात खोल रुतली. दीर्घ चिंतनानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या काळी धर्मांतर म्हणजे केवळ उपासनेतील बदल नव्हता. नातेवाईक तुटत, पंगत तुटत, घराचे दार बंद होई. टिळकांच्या बाबतीत तर घरच दुभंगले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आपल्या आप्तांकडे पंढरपुरास राहिल्या. पती जिवंत, आणि तरी त्याच्याबरोबर एका घरात राहता येत नाही, अशी ती स्थिती. चार-पाच वर्षे असा वियोग झाला. नवऱ्याने पत्नीला न विचारता, तिला तयारही न करता हे पाऊल उचलले, हा दोष टिळकांकडे जातो. मात्र त्यांनी दुसरा संसार मांडला नाही, पत्नीवर सक्ती केली नाही आणि तिची वाट पाहणे सोडले नाही. अखेर लक्ष्मीबाई नगरास पतीकडे आल्या. आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच आल्या. त्यांची चूलही वेगळी. हळूहळू त्यांना स्वतःच्याच विचाराने असे पटले की, माणसामाणसांतील उच्चनीच भाव देवाने निर्माण केलेला नाही. 1900 साली त्यांनी आपल्या इच्छेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

ती वर्षे महाराष्ट्राला फार कठीण गेली. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि गावोगाव पसरला. 1899 व 1900 या वर्षांत मोठा दुष्काळ पडला. अन्नाच्या शोधात कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर आली आणि असंख्य मुले पोरकी झाली. टिळकांच्या घरचे दार या मुलांसाठी उघडे राहिले. मिशनचा पगार तुटपुंजा, पंगत मात्र मोठी. कोणाचे केस विंचरावयाचे, कोणाच्या खरजेला औषध लावावयाचे, कोणाला अक्षरे शिकवावयाची. टिळक मुलांना घेऊन येत आणि त्यांना वाढविण्याचा भार लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर पडे. प्लेगच्या दिवसांत तर लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेसही गेल्या. एके काळी दुसऱ्याच्या स्पर्शाने विटाळणारी ही माउली आता परक्यांच्या मुलांचे अंग पुसत होती.

या घरात जळगावच्या संमेलनानंतर ठोंबरे येऊन राहिले. टिळकांनी त्यांना मुलासारखे मानले. त्यांच्या इंग्रजी शिक्षणाची तजवीज केली. त्यांच्या कविता ऐकल्या आणि त्यांवर चर्चा केली. देवदत्त हा टिळकांचा मुलगा ठोंबऱ्यांपेक्षा थोडाच लहान. धरणगावच्या एका ब्राह्मण मुलाने ख्रिस्ती माणसाच्या घरी राहावे, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला सहजासहजी पचण्यासारखी नव्हती. टिळक या मुलाला बाटविणार, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले, तेथे जेवले, हसले, रुसले आणि अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिले. टिळकांनी दिलेल्या मायेला कसलीही अट नव्हती. फूल, निर्झर, पाऊस आणि पहाट यांच्याशी मैत्रीने बोलणारा हा कवी मनाने अतिशय हळवा होता. त्याला उदासपणाचे झटके येत. अशा मुलाला सांभाळणे हे त्याला पैसे देण्यापेक्षा किती तरी अवघड होते.

नाताळच्या सणाचा अर्थ टिळकांच्या या घरापाशी जितका उलगडतो, तितका सजावटीने आणि मेजवानीने उलगडत नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ जन्माशी निगडित आहे. दरसाल 25 डिसेंबरला येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव साजरा होतो. शिरगणतीसाठी योसेफ आणि मरिया बेथलेहेमास गेली. गाव पाहुण्यांनी भरलेले होते आणि त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. शेवटी बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजविले. रानात मेंढरे राखणारे धनगर ती वार्ता ऐकून प्रथम धावले आणि पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी सोने, ऊद व गंधरस अर्पण केला. ही कथा ऐकणारे लोक बहुधा त्या मौल्यवान भेटींचीच आठवण ठेवतात. टिळकांच्या मनाने मात्र त्या बंद दाराची आठवण ठेवली असावी. गव्हाणीतील बाळाला ज्याने देव मानले, त्याला दारात उभ्या असलेल्या पोराला जागा नाही असे कसे म्हणता येईल? त्यांच्या घरी ही जागा वर्षाचे बाराही महिने होती.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती समाजाला आणखी एक देणगी दिली. त्यापूर्वी उपासनेत पुष्कळशी गीते परदेशी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी असले तरी चाल विलायती. खेड्यातील माणसाच्या जिभेवर ती रुळत नसे. टिळक तर तुकारामांच्या अभंगांवर वाढलेले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. त्यांनी ख्रिस्तभक्तीची भजने आणि अभंग रचले, कीर्तने केली, टाळ-मृदंगाला उपासनेत जागा दिली. धर्म बदलला म्हणून भाषा, देश आणि संतांचा वारसा टाकून द्यावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या देशभक्तीच्या कविताही प्रसिद्ध आहेत. 1912 पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. 'केवढे हे क्रौर्य!' ही जखमी पक्षिणीवरील त्यांची कविता तर अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतके प्रेम केले की, लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले.

वय झाले तरी त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. पगार घेऊन धर्मसेवा करणे त्यांना अवघड वाटू लागले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना घेऊन ते साताऱ्यास गेले. जातीचा, पंथाचा भेद न मानता सर्वांनी एकत्र येऊन देवाची व माणसाची सेवा करावी, असा त्यांचा हेतू होता. पंचावन्न वर्षे उलटलेल्या, प्रकृतीने थकलेल्या माणसाने हातची नोकरी सोडावी, हे व्यवहाराला धरून नव्हते. पण व्यवहार त्यांना केव्हा जमला होता!

साताऱ्यास असतानाच खानदेशातून अशुभ वार्ता आली. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान भादली नावाचे लहानसे स्टेशन आहे. 5 मे 1918 रोजी तेथे रूळ ओलांडताना आगगाडीखाली सापडून बालकवी ठोंबरे यांचा अंत झाला. अट्ठाविसावे वर्षही त्यांनी पूर्ण केले नव्हते. 'फुलराणी', 'औदुंबर', 'निर्झरास', 'श्रावणमास' या कविता लिहिणारा हात ज्या भूमीत जन्मला, त्याच भूमीत शांत झाला. ज्या जिल्ह्यातील सभेने टिळकांना हा मानसपुत्र दिला, त्याच जिल्ह्यातील एका स्टेशनावर तो हरपला.

टिळकांची प्रकृतीही पुढे ढासळत गेली. उपचारासाठी त्यांना मुंबईस आणले होते. तेथे 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. ठोंबऱ्यांच्या मृत्यूला तेव्हा एक वर्ष आणि चार दिवस झाले होते. टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. त्यांच्या अस्थी नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, नेण्यात आल्या.

त्यांच्यामागे संपत्ती अशी राहिली नाही. एक अपुरे काव्य तेवढे राहिले. येशूचे संपूर्ण चरित्र मराठी ओवीत सांगण्याचा संकल्प टिळकांनी सोडला होता. 'ख्रिस्तायन' हे त्याचे नाव. अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते काम पुरे करावयास लक्ष्मीबाई बसल्या. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. लिहिता-वाचता येऊ लागले तेही लग्नानंतर. पतीने हा नवा धर्म स्वीकारला, त्या दिवशी त्यांच्याइतके दुःख दुसऱ्या कोणालाही झाले नव्हते. त्याच लक्ष्मीबाईंनी एकामागून एक चौसष्ट अध्याय लिहिले. मधल्या काळात 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहून त्यांनी घरातील हसणे-रडणे, पतीचे गुण आणि पतीचे वेड, सारे काही मोकळ्या मनाने सांगितले. त्यात ठोंबऱ्यांनाही जागा मिळाली. 1936 साली लक्ष्मीबाई वारल्या. शेवटचा एक अध्याय देवदत्ताने लिहिला आणि 1938 साली शहात्तर अध्यायांचे 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले.

डिसेंबरात खानदेशात थंडी पडते. शेतांतून कापूस वेचला जात असतो. नाताळच्या सुमारास मराठी उपासनामंदिरांत टाळ वाजू लागतात आणि लोक टिळकांची भजने म्हणतात.