हॅरी हॉपमन : टेनिसमधले वस्ताद

नवीन वर्षाच्या सुरुवातीला पर्थहून टीव्हीवर दिसणारी हॉपमन कप ही टेनिस स्पर्धा आमच्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. प्रत्येक देशाचा एक पुरुष आणि एक स्त्री, असा तिचा प्रकार. हा हॉपमन कोण, हे आम्ही बरीच वर्षे कुणाला विचारलेच नाही. कुणी धनिक पुरस्कर्ता असावा, असा आमचा समज होता. पुढे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून १९६६ च्या डेव्हिस कपची हकिगत ऐकली. त्या वर्षी भारत पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला होता. मेलबर्नला रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत न्यूकोम्ब-रोश या जोडीला हरवले. एकेरीचे चारही सामने मात्र ऑस्ट्रेलियाने घेतले. त्या ऑस्ट्रेलियन संघाच्या कर्णधाराच्या खुर्चीवर साठ वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. ते हॅरी हॉपमन.

आपल्या बडोद्याला तालीम नवी नाही, म्हणून त्यांना वस्ताद म्हटले की वाचकांना लगेच कळेल. स्वतः कुस्ती मारण्यापेक्षा पठ्ठे तयार करण्यात ज्याचे नाव झाले, त्यातले हे.

त्यांचा जन्म १९०६ चा, सिडनीतला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. त्याच शाळेच्या आवारातल्या कोर्टवर तेराव्या वर्षी अनवाणी खेळून त्यांनी पहिली स्पर्धा जिंकली. पुढे १९३० ते १९३२ अशी सलग तीन वर्षे ते ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या एकेरीत अंतिम फेरीत पोहोचले आणि तिन्ही वेळा हरले. दुहेरीत मात्र हात चांगला होता. पत्नी नेल हिच्याबरोबर तर मिश्र दुहेरीचे अजिंक्यपद त्यांनी चार वेळा मिळवले. पोटासाठी मेलबर्नच्या वर्तमानपत्रात क्रीडा वार्ताहर म्हणून नोकरी. त्या काळी टेनिसपटूने खेळावर उघड पैसे घ्यायचे नसत. घेतले की तो व्यावसायिक ठरे, आणि मग विम्बल्डन बंद, डेव्हिस कपही बंद. ही भिंत लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्याभोवती आहे.

एरवी टेनिसमध्ये सामना सुरू असताना खेळाडूला कुणी सल्ला देऊ शकत नसे. डेव्हिस कपात मात्र न खेळणारा कर्णधार कोर्टालगत बसे आणि बाजू बदलताना बोलू शके. हॉपमन यांना हीच जागा मानवली. सप्टेंबर १९३९ मध्ये फिलाडेल्फियाजवळ अमेरिकेविरुद्ध पहिले दोन्ही सामने गेले होते. त्यातच महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रेलिया युद्धात उतरल्याची बातमी आली. तरी क्विस्ट आणि ब्रॉमविच यांनी उरलेले तिन्ही सामने जिंकून कप नेला.

युद्धानंतर अमेरिकेने तो परत घेतला. १९५० मध्ये हॉपमन पुन्हा कर्णधार झाले, आणि तिथून १९६७ पर्यंतच्या अठरा वर्षांत ऑस्ट्रेलियाने पंधरा वेळा कप जिंकला. १९३९ चा धरून सोळा. सेजमन, होड, रोझवॉल, लेव्हर, फ्रेझर, इमर्सन, न्यूकोम्ब ही सगळी त्यांच्या हाताखालची मुले. पोरांना मैलोगणती पळवायचे, दोरीउड्या, व्यायाम, मग एकाला दोघांविरुद्ध दमेपर्यंत खेळवायचे. उशिरा आला तर दंड, जेवणाच्या टेबलावर नीट वागला नाही तरी दंड. इतके चांगले खेळाडू असताना कुणीही जिंकले असते, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हाला ते पटत नाही, आणि त्याला कारण १९५३ चा सामना.

होड आणि रोझवॉल तेव्हा एकोणीस वर्षांचे. दोघे त्या वर्षीचे विम्बल्डनचे दुहेरीतले विजेते, पण निवड समितीने ऐन वेळी ही जोडी मोडून होडबरोबर हार्टविगला उतरवले. तो सामना गेला आणि अमेरिका २-१ ने पुढे झाली. लोक चिडले. दुसऱ्या दिवशी पावसाने ओल्या झालेल्या गवतावर होड आणि ट्रॅबर्ट यांची झुंज लागली. पहिले दोन सेट होडचे, पुढचे दोन ट्रॅबर्टचे. निर्णायक सेटमध्ये होड घसरून पालथा पडला. हॉपमन यांनी धीर द्यायचा की रागवायचे? त्यांनी टॉवेल त्याच्या डोक्यावर फेकला आणि चेष्टा केली. पोरगा हसत उठला. पाचवा सेट त्याने ७-५ असा घेतला, आणि पुढच्या दिवशी रोझवॉलने सेक्सासला हरवून कप राखला.

पण पठ्ठा तयार झाला की व्यावसायिक दौऱ्यांचे जॅक क्रेमर पैशांची थैली घेऊन दारात उभे. सेजमनला थांबवण्यासाठी हॉपमन यांनी वर्तमानपत्रातून लग्नाच्या आहेराच्या नावाने वर्गणी जमवली. त्यातून पेट्रोल पंप घेतला गेला. सेजमन वर्षभर थांबला आणि गेलाच. मग रोझवॉल, होड, आणि १९६२ मध्ये चारही मोठ्या स्पर्धा जिंकून लेव्हर. गेलेल्यांशी हॉपमन तुटकपणे वागत, असे त्यांच्यातल्या काहींनी पुढे सांगितले. इथे त्यांचे चुकले, असे आम्हाला वाटते. वर्तमानपत्राचा पगार घेऊन टेनिसवर लिहिणाऱ्या माणसाने, रॅकेटवर पोट भरू पाहणाऱ्या पोरांवर रुसावे कशाला?

१९६८ हे साल वाईट गेले. जानेवारीत नेल वारली. विम्बल्डन व्यावसायिकांना खुले झाले, डेव्हिस कप मात्र नाही. न्यूकोम्ब, रोश, इमर्सन सगळे करार करून गेलेले. नवख्या पोरांना घेऊन हॉपमन अ‍ॅडलेडला अमेरिकेशी हरले. पुढच्या वर्षी, साठी उलटून गेल्यावर, ते स्वतःच देश सोडून अमेरिकेला गेले, फी घेऊन मुलांना शिकवायला.

न्यूयॉर्कजवळ पोर्ट वॉशिंग्टनच्या अकादमीत त्यांच्या हाताखाली व्हायटस गेरुलायटिस आला आणि जॉन मॅकेन्रोही. जेवणाच्या टेबलावरच्या वागण्यालाही दंड करणाऱ्या वस्तादांच्या वाट्याला पंचांशी भांडण्यात नाव काढणारा पठ्ठा यावा, ही गंमतच. १९७३ मध्ये डेव्हिस कपही व्यावसायिकांना खुला झाला आणि लेव्हर, रोझवॉल, न्यूकोम्ब पुन्हा देशाच्या संघात आले. क्लीव्हलँडला त्यांनी अमेरिकेला ५-० असे धुतले. खुर्चीवर तेव्हा नील फ्रेझर होता, हॉपमन यांचाच शिष्य. वस्ताद त्याच अमेरिकेत परक्यांची मुले शिकवत होते.

पुढे त्यांनी फ्लोरिडात स्वतःची अकादमी चालवली आणि २७ डिसेंबर १९८५ रोजी तिथेच देह ठेवला. तीन वर्षांनी पर्थला त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. त्यांची दुसरी पत्नी लूसी त्यासाठी वर्षानुवर्षे अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला येत असे.