आजारी कामगाराचा कैवारी : ना. म. जोशी

घोडेगावच्या (ता. नेवासा) कांदा बाजारात गोणी वाहणारा हमाल पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी त्याला नेवाशाच्या तहसील कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. एखादा दाखला अपुरा ठरून अर्ज फेटाळला गेला, तर त्याची बाजू मांडायची कोणी? दिव्यांग व्यक्तीला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला. तो १९९५ मध्ये अमलात आला. या प्रश्नाला त्याच्याही पाऊण शतक आधी मुंबईत हात घातला तो नारायण मल्हार जोशी यांनी. लोअर परळच्या रस्त्याला दिलेल्या नावापलीकडे आज त्यांची फारशी ओळख उरलेली नाही, हे दुर्दैवच.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी झाला. पुण्यात शिक्षण, मग काही वर्षे शिक्षकाची नोकरी आणि १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश, असा त्यांचा आरंभीचा प्रवास. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. शाळा, वाचनालये, वैद्यकीय मदत ही कामे तर लीगने केलीच. शिवाय गरीब व निरक्षर माणसांना कायद्याचा सल्ला आणि साहाय्यही दिले.

१९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर अपघात होऊन अपंगत्व आलेल्या मजुराला आयुक्तांकडे दाद मागता येऊ लागली. पुढे त्याच्या वतीने वकिलाप्रमाणेच नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही उभे राहण्याची मुभा मिळाली. वकिलाची फी न परवडणाऱ्या माणसासाठी ही तरतूद मोलाची होती.

आजाराच्या बाबतीत मात्र कायदा कंजूष निघाला. शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा अशा मोजक्या रोगांनाच भरपाई होती आणि तीही त्या कामात सलग सहा महिने काढलेल्यांना. क्षयाने खोकणाऱ्या गिरणी कामगाराला या कायद्याचा आधार नव्हता. १९२४ मध्ये जोशींनी प्रसूती भत्त्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. मुंबई इलाख्याने तसा कायदा १९२९ मध्ये केला.

आयटकची उभारणी, १९२९ ची फूट, पुन्हा झालेली एकजूट ही त्यांची संघटनात्मक कामगिरी सर्वज्ञात आहे. आजारपणाच्या विम्याला मूर्त रूप येण्यास मात्र १९४४ चा अडारकर अहवाल आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा यावा लागला. आता मालकाशी भांडण न करता निधीतून भत्ता मिळणार होता. पण तो कारखान्यातील कामगाराला, बाजारातील हमालाला नव्हे. मुंबईत ही योजना १९५४ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ३० मे १९५५ रोजी जोशींचे निधन झाले.