सवाई गंधर्व : कष्टाने कमावलेला कंठ

आपल्या घशात श्वासनलिकेच्या मुखाशी कूर्चेची एक लहानशी पेटी असते. तिला स्वरयंत्र म्हणतात. तिच्यातील दोन नाजूक स्वरतंतू श्वासाच्या झोताने कंप पावतात आणि ध्वनी उमटतो. कुमारवयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, कंठमणी पुढे येतो, तंतू लांब व जाड होतात आणि कालचा गोड आवाज एकाएकी फुटतो. वर्गात कविता म्हणताना ज्यांचा आवाज असा चिरकतो, त्यांनी ही कथा अवश्य वाचावी.

रामचंद्र गणेश कुंदगोळकर यांचा जन्म १९ जानेवारी १८८६ रोजी धारवाड जिल्ह्यात झाला. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना शिष्य करून घेतले. परंतु वयात येताच रामभाऊंचा आवाज फुटला. तो जड आणि खरखरीत झाला. गुरूंचा कंठ लोण्यासारखा मऊ, शिष्याचा मात्र वळता वळेना! दुसरा कोणी असता, तर त्याने तंबोरा खुंटीला टांगला असता. रामभाऊंनी तसे केले नाही. त्यांनी वर्षानुवर्षे एकेका स्वरावर मेहनत घेतली. रियाजाने स्वरतंतू नवे मिळत नाहीत. परंतु त्यांना ताणणारे सूक्ष्म स्नायू आणि श्वास यांवर हुकमत येते. तीच त्यांनी मिळविली.

पुढे कन्नड मुलखातला हा गायक मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिकांत गाजला आणि रसिकांनी त्याला ‘सवाई गंधर्व’ म्हणून गौरविले. मैफलीच्या आरंभी त्यांचा गळा हट्टी मुलासारखा अडून बसे. पण एकदा तापला, की श्रोते देहभान विसरत.

भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू हे त्यांचे शिष्य. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकावयास येत. घशाच्या विकारानंतर त्यांचाही आवाज पालटून पुरुषी, भारदस्त झाला. तथापि त्याच आवाजाने त्यांनी कीर्ती मिळविली. गुरूंचा धडा शिष्येच्या कामी आला.

उतारवयात अर्धांगवायूने सवाई गंधर्वांचे गायन थांबविले. शिकविणे मात्र त्यांनी सोडले नाही. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव भरू लागला.

कंठ निसर्ग देतो. त्यातून सूर काढणे मात्र आपल्या हाती असते.