फ्योदोर डोस्टोव्हस्की

अपराध्यास शिक्षा झाली म्हणजे न्याय पुरा झाला, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु शिक्षेनें अपराध्याचें मन पालटतें काय, आणि पालटत नसेल तर तें कशानें पालटतें, हा प्रश्न ज्यानें जन्मभर उराशीं बाळगला, असा एक ग्रंथकार एकोणिसाव्या शतकांत रशिया देशांत होऊन गेला. फ्योदोर डोस्टोव्हस्की हें त्याचें नांव होय.

त्याचा जन्म ११ नोव्हेंबर १८२१ रोजीं मॉस्को शहरीं झाला. वडील तेथील गरिबांच्या इस्पितळांत डॉक्टर असून कुटुंब इस्पितळाच्याच आवारांत राहत असे. त्यामुळें दुःखी व दरिद्री माणसें त्यानें अगदीं लहानपणापासून पाहिलीं. बायबलांतील गोष्टींच्या एका पुस्तकावरून तो वाचावयास शिकला. १८३७ सालीं त्याची आई वारली. पुढें सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी इंजिनियरिंगच्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें. पण ओढा वाङ्मयाकडे असल्यामुळें मिळालेली नोकरी त्यानें १८४४ सालीं सोडून दिली. १८४६ सालीं ‘गरीब माणसें’ ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्याचें नांव गाजूं लागलें.

हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. त्या काळीं रशियांत झारची अनियंत्रित सत्ता होती व लक्षावधि शेतकरी जमीनदारांचे भूदास होते. ही स्थिति पालटावी म्हणून चर्चा करणाऱ्या तरुणांच्या एका मंडळांत डोस्टोव्हस्की जात असे. १८४९ सालीं ह्या मंडळींस पकडण्यांत आलें. आठ महिने किल्ल्यांत कोंडून ठेवल्यावर, तेथील त्या वेळच्या पंचांगाप्रमाणें २२ डिसेंबर रोजीं, त्यांना एका चौकांत नेऊन मृत्युदंडाची शिक्षा वाचून दाखविण्यांत आली. पहिल्या तिघांस खांबांना बांधलें. शिपायांनीं बंदुका रोखल्या. डोस्टोव्हस्की त्यांच्या मागच्या तुकडींत उभा होता. मृत्यु असा समोर दिसत असतां झारनें शिक्षा कमी केल्याचें जाहीर झालें. हा सर्व देखावा आधींच ठरविलेला होता! डोस्टोव्हस्कीच्या वांट्यास चार वर्षें सक्तमजुरी व त्यानंतर साध्या शिपायाची चाकरी आली.

सैबेरियाच्या वाटेवर तोबोल्स्क येथें एक लहानशी पण संस्मरणीय गोष्ट घडली. १८२५ च्या बंडांत शिक्षा झालेल्या सरदारांच्या कांहीं स्त्रिया आपलें ऐश्वर्य सोडून पतींच्या मागोमाग सैबेरियांत येऊन राहिल्या होत्या. त्यांनीं ह्या नव्या कैद्यांची भेट घेतली, त्यांस धीर दिला व नव्या कराराची प्रत दिली. तिच्या पुठ्ठ्यांत दहा रूबल लपविलेले होते. ओम्स्कच्या तुरुंगांत डोस्टोव्हस्कीनें तें पुस्तक उशाखालीं ठेविलें आणि मरेपर्यंत जिवापलीकडे जपलें.

पायांत बेड्या, थंडी आणि खुनी व दरवडेखोर यांचा अहोरात्र सहवास, अशीं चार वर्षें गेलीं. तेथें त्यास जें दिसलें तें त्यानें पुढें ‘मृतांच्या घरांतील आठवणी’ ह्या ग्रंथांत लिहिलें. बेड्या घातलेल्या त्या माणसांत पश्चात्तापाचें चिन्ह त्यास जवळजवळ आढळलें नाहीं. शिक्षा हात बांधते, मनापर्यंत ती पोंचत नाहीं, हें तो तेथें शिकला. आणखी एक धडा मिळाला. पितृवधाबद्दल शिक्षा भोगणारा एक कैदी तेथें होता व त्यास सर्व अपराधीच मानीत. पुढें ग्रंथ प्रसिद्ध होत असतां कळलें कीं, तो मनुष्य निर्दोष असून दहा वर्षें विनाकारण शिक्षा भोगीत होता!

१८५९ सालीं डोस्टोव्हस्की राजधानीस परतला. १८६४ सालीं त्याची पत्नी व वडील बंधु हीं दोघेंहि वारलीं. बंधूचें कर्ज त्यानें आपल्या शिरावर घेतलें. त्यांतच त्यास जुगाराचें व्यसनहि होतें. १८६५ सालीं जर्मनींतील वीसबाडेन येथें तो सर्वस्व हरला, आणि त्याच हलाखींत त्यानें ‘अपराध आणि शिक्षा’ ही कादंबरी लिहावयास घेतली. १८६६ सालीं ती एका मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली.

तिचा नायक रास्कोल्निकोव्ह हा एक गरीब विद्यार्थी. थोर पुरुषांस कायद्याचें बंधन नसतें, असें तो स्वतःस पटवितो आणि गहाणवट करणाऱ्या एका म्हातारीचा कुऱ्हाडीनें वध करितो. तिची निष्पाप बहीण अवचित तेथें येते. तीहि मारली जाते. पुरावा कांहींच नसतो. परंतु त्या क्षणापासून आई, बहीण व मित्र यांच्याशीं त्यास मोकळेपणीं बोलवत नाहीं. तुरुंगाबाहेर असूनहि तो कोंडला जातो. अखेरीस सोन्या नांवाच्या एका मुलीपाशीं तो आपलें पाप बोलून दाखवितो. घरच्यांच्या पोटासाठीं लोकनिंद्य जीवन कंठावें लागलेली ही मुलगी त्यास पूर्वीं लाजाराच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखविते. ती त्याच्या पापास पाप म्हणते, पण त्यास सोडून जात नाहीं. चारचौघांत अपराध कबूल करावयास सांगते. आठ वर्षांची शिक्षा होऊन तो सैबेरियांत जातो, तेव्हां तीहि मागोमाग जाते. तेथेंहि त्याचा अभिमान पुष्कळ दिवस गळत नाहीं. शेवटीं तिच्या प्रेमानेंच तो विरघळतो. आणि त्याहि कैद्याच्या उशाखालीं नवा करार असतो. तोबोल्स्कच्या त्या स्त्रियांची आठवण येथें कोणास होणार नाहीं?

लेखकासहि अशी एक सोबतीण लाभली. १८६६ च्या ऑक्टोबरांत, करारानें ठरलेल्या मुदतींत एक कादंबरी पुरी करण्यासाठीं त्यानें ॲना ह्या तरुण लघुलेखिकेस मदतीस घेतलें. सव्वीस दिवसांत काम झालें व पुढील वर्षीं त्यांचा विवाह झाला. परदेशीं असतांना त्यानें जुगारापायीं तिचे दागिनेहि गहाण टाकले. प्रत्येक वेळीं तो रडून क्षमा मागे आणि पुन्हा घसरे. ॲनानें संसार सोडला नाहीं. १८७१ सालीं तें व्यसन सुटलें तें कायमचें.

१८८० सालीं पुऱ्या झालेल्या ‘कारामाझव्ह बंधु’ ह्या शेवटच्या कादंबरींत ओम्स्कच्या त्या निर्दोष कैद्याची कथा निराळ्या रूपानें आली आहे. द्मित्री कारामाझव्हनें बापाचा खून केलेला नाहीं, तरी शिक्षा त्यालाच होते. परंतु आपल्या मनांत द्वेष होता, हें जाणून तो दुःख सोसावयास सिद्ध होतो. प्रत्येक मनुष्य सर्वांच्या पापांस जबाबदार आहे, अशी शिकवण ह्याच ग्रंथांतील साधु झोसिमा देतो.

९ फेब्रुवारी १८८१ रोजीं डोस्टोव्हस्कीचा अंत झाला. त्या दिवशींहि त्यानें तोबोल्स्कचा तो नवा करार मागून घेतला होता. अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले.

विद्यार्थिमित्रहो, चूक लपविल्यानें मनुष्य एकटा पडतो व कबूल केल्यानें पुन्हा माणसांत येतो, हें ह्या चरित्राचें सार होय. आणि ज्याच्या हातून चूक घडली त्यास टाकून न देतां, त्याच्या चुकीवर पांघरूणहि न घालतां, जो त्याच्याबरोबर चालतो, तोच त्याचा खरा मित्र. अशी मैत्री करण्यास तुरुंगापर्यंत जावें लागत नाहीं. आपल्या वर्गांत व आपल्या घरांत तिची गरज रोज असते.