एका सहीची किंमत

१ मेला आपल्याकडे महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असतं. मग कामगार दिनही त्याच दिवशी कसा, असं लेकीने विचारलं, आणि मी पुस्तकं काढून बसले. त्यात मला जॉन पीटर ऑल्टगेल्ड भेटले.

जन्म १८४७चा, जर्मनीतला. काही महिन्यांचं तान्हं पोर घेऊन आईवडील अमेरिकेत ओहायोला आले. घरची गरिबी, शाळा जेमतेम. सोळाव्या वर्षी सैन्यात, मग मास्तरकी, मग वकिली. एमा फोर्डशी लग्न करायचं होतं, पण तिच्या वडिलांना असा कफल्लक जावई नको होता. (हे सगळीकडे सारखंच बघा!) शेवटी १८७७ साली झालं एकदाचं. पुढे शिकागोत जागा-इमारतींच्या व्यवहारात पैसा आला, न्यायाधीशपद मिळालं आणि १८९२ साली ते इलिनॉय राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.

त्याआधी, मे १८८६मध्ये, शिकागोत आठ तासांच्या कामासाठी मोठा संप झाला होता. ४ मेच्या सभेत बॉम्ब पडला, पोलीस मेले. फेकला कुणी ते कधीच कळलं नाही, तरी आठ जण दोषी ठरले. चौघांना फाशी झाली, एकाने तुरुंगात जीव दिला, तिघे खितपत पडले. त्यांना दया दाखवून सोडलं असतं तर फारसं कुणी बोललं नसतं. पण ऑल्टगेल्डनी कागदपत्रं वाचली आणि जून १८९३मध्ये माफीवर सही करताना खटलाच अन्यायाचा होता, असं लिहून टाकलं. वर्तमानपत्रं तुटून पडली. परदेशात जन्मलेला, हेही काढलं. एमाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, हे माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षी त्यांनी मुलं आणि बायका यांच्यासाठी कारखाना कायदा आणला. दाटीवाटीच्या खोल्यांत शिलाई करणाऱ्या बायकांना आठच तास काम, चौदा वर्षांखालच्या पोरांना कारखान्यात बंदी. तपासणीची मुख्य अधिकारी नेमली फ्लॉरेन्स केली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, तीन लेकरांची आई! गव्हर्नर निवडायला तिला स्वतःला मत नव्हतं. आठ तासांचं कलम १८९५मध्ये कोर्टाने रद्द केलं, तेव्हा मला वाचतानाही चडफड झाली.

१८९६ची निवडणूक ते हरले. पैसाही गेला, पुन्हा वकिलीच करावी लागली. मार्च १९०२मध्ये आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण करायला जोलिएट गावी गेले, तिथेच कोसळले आणि गेले. वय होतं चोपन्न.